चीनमध्ये शिकवायला जाणारे परदेशी शिक्षक: व्हिसा, वर्क परमिट आणि बदलते नियम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमधल्या शाळा-विद्यापीठांत नोकरी मिळणे आणि तिथे कायदेशीरपणे उभे राहून शिकवणे, यांच्यामध्ये कागदांचा मोठा ढीग असतो. मागच्या वर्षी गेलेल्या सहकाऱ्याची यादी यंदा लागू पडतेच असे नाही. कोणता कागद कशासाठी लागतो आणि तो कुठे अडकतो, हे माहीत असले की निम्मा मनस्ताप वाचतो.

नियम इतके सारखे का बदलतात?

मूळ कायदा फारसा बदललेला नाही. परदेशी नागरिकांचे येणे, राहणे आणि काम करणे ज्या कायद्याखाली येते, तो १ जुलै २०१३ पासून लागू आहे. बदलते ती अंमलबजावणी, आणि ती अनेक बाजूंनी बदलते.

१ एप्रिल २०१७ पासून ‘परदेशी तज्ज्ञ’ आणि ‘परदेशी कामगार’ हे दोन वेगळे परवाने एकत्र करून देशभर एकच वर्क परमिट सुरू झाले. २०१८ मध्ये हे काम विज्ञान-तंत्रज्ञान मंत्रालयाकडे गेले. २०२३ च्या फेररचनेत ते मनुष्यबळ आणि सामाजिक सुरक्षा मंत्रालयाकडे आले. खाते बदलले की संकेतस्थळ, अर्जाची खिडकी आणि शिक्का, सगळेच बदलते, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातला पत्ता चुकीचा निघतो. मध्यंतरी महामारीमुळे मार्च २०२० पासून प्रवेश जवळपास बंदच होता. सगळ्या प्रकारचे व्हिसा पुन्हा मिळू लागले ते १५ मार्च २०२३ पासून. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला चीनमध्ये अपोस्टिल (हेग करारातल्या देशांनी एकमेकांचे कागद मान्य करावेत म्हणून दिले जाणारे एकसारखे प्रमाणीकरण) लागू झाले. १ डिसेंबर २०२४ पासून वर्क परमिटचे प्लॅस्टिकचे कार्ड बंद होऊन ते सामाजिक सुरक्षा कार्डाशी जोडले गेले.

म्हणून कोणी यादी दिली की पहिला प्रश्न विचारा: ही कोणत्या महिन्यातली?

एका शहरात चालणारा कागद दुसऱ्या शहरात का चालत नाही?

नियमात काही शब्द मुद्दाम सैल ठेवलेले आहेत. भाषा शिकवणाऱ्यांनी ‘तत्त्वतः’ आपल्या मातृभाषेच्या देशाचे नागरिक असावे आणि तीच भाषा शिकवावी, असे त्यात म्हटले आहे. या ‘तत्त्वतः’चा अर्थ प्रत्येक शहर आपापल्या गरजेप्रमाणे लावते. कुठे फक्त पासपोर्टचा देश पाहतात, तर कुठे इंग्रजी माध्यमातली पदवी आणि अनुभव यांवर विचार करतात.

परमिट मिळते ते ठरावीक संस्थेसाठी, आणि अर्ज जातो त्या संस्थेच्या भागातल्या कार्यालयात. त्यामुळे शेजारच्या शहरातल्या मित्राचा अनुभव तुमच्या कामाचा असेलच असे नाही. तुमच्याच शाळेने गेल्या सहा महिन्यांत, तुमच्याच देशाच्या पासपोर्टवर, तुमच्याच विषयासाठी परमिट काढले आहे का, हे विचारा. हो म्हणाले तर त्या अर्जाला जोडलेल्या कागदांची यादी मागा. हा प्रश्न मुलाखतीतच विचारायचा. करारावर सही झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

पात्रता नेमकी काय लागते?

अर्जदारांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग आहेत. गुणपद्धतीने अ वर्गाला ८५ आणि ब वर्गाला ६० गुण लागतात. बहुतेक शिक्षक ब वर्गात येतात. या वर्गाला ६० वर्षांची वयोमर्यादा आहे.

भाषा शिक्षकाला किमान पदवी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. मात्र पदवी शिक्षणशास्त्र, भाषा किंवा अध्यापन या विषयांतली असेल, आपल्या देशाचा शिक्षक परवाना असेल, किंवा मान्य आंतरराष्ट्रीय भाषा-अध्यापन प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट शिथिल होते. हे प्रमाणपत्र साधारण १२० तासांचे असावे, अशी अनेक ठिकाणी अपेक्षा असते.

गणित, विज्ञान किंवा दुसरा विषय शिकवणाऱ्यांना मातृभाषेची अट त्याच अर्थाने लागत नाही. त्यांच्या बाबतीत पदवीचा विषय आणि शिकवायचा विषय जुळतो का, हे काटेकोरपणे पाहतात. म्हणूनच विज्ञान शिक्षकाला कागदोपत्री ‘इंग्रजीचा शिक्षक’ दाखवण्याची शाळेची युक्ती धोक्याची आहे. अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मंजूर झालाच, तर तुम्ही रोज वर्गात जे शिकवता ते परमिटवरच्या पदाशी जुळत नाही.

अनुभवाच्या पत्रावर पद, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, संस्थेचा शिक्का, सही करणाऱ्याचे नाव आणि संपर्क क्रमांक हवा. नुसते ‘उत्तम शिक्षक आहेत’ असे लिहिलेले पत्र परत येते. पदवी मिळण्याआधीचा अनुभव बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत.

अपोस्टिल आले म्हणजे दूतावासाचे खेटे संपले का?

बऱ्याच जणांचे संपले, सगळ्यांचे नाही. पूर्वी पदवी आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आधी नोटरीकडे, मग आपल्या परराष्ट्र खात्याकडे आणि शेवटी चिनी दूतावासात न्यावे लागे. अपोस्टिलमुळे शेवटचा टप्पा गळतो, पण त्यासाठी कागद देणाऱ्या देशात आणि चीनमध्ये अपोस्टिलचा हेग करार प्रत्यक्ष लागू असावा लागतो. दोन्ही देश सदस्य असणे पुरेसे नाही. कराराच्या बाराव्या कलमानुसार जुना सदस्य नव्या सदस्याच्या प्रवेशावर आक्षेप घेऊ शकतो, आणि मग त्या दोघांत अपोस्टिल चालत नाही. चीनच्या प्रवेशावर काही देशांनी असे आक्षेप घेतले आहेत. हेग परिषदेच्या संकेतस्थळावरच्या सदस्यांच्या तक्त्यात आपला देश शोधा, आक्षेपाचा रकाना वाचा, आणि मगच पैसे भरा. अपोस्टिल करून घेतले आणि नंतर दूतावासाचा शिक्काच लागतो असे कळले, की महिना जातो.

अपोस्टिल सही आणि शिक्का खरा असल्याचे सांगते. पदवी खरी आहे की नाही, हे ते सांगत नाही. काही शहरांत चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या केंद्राकडून पदवीची वेगळी पडताळणी मागतात, ती याचसाठी.

आणखी एक बारकी पण महागात पडणारी गोष्ट. अपोस्टिल म्हणजे किमान ९ सेंटीमीटर बाजूचा चौकोन. त्यात दहा क्रमांकित नोंदी असतात आणि वर फ्रेंचमध्ये शीर्षक असते. अनेक देशांत तो वेगळ्या पानावर छापून मूळ कागदाला पिनेने किंवा फितीने जोडतात. स्कॅन सरळ यावा म्हणून ती पिन काढू नका. एकदा सुटलेले पान पुन्हा जोडले की भोके दिसतात, आणि खिडकीवरचा माणूस तो कागद घेत नाही. पान जोडलेल्या अवस्थेतच उलटून, प्रत्येक बाजू वेगळी स्कॅन करा. मागची कोरी बाजूसुद्धा.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट कधी काढावे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ते अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. हे सहा महिने प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून मोजतात, अपोस्टिलच्या तारखेपासून नाही. उत्साहाने जानेवारीत काढले, शाळेने अर्ज ऑगस्टमध्ये केला, की सगळे पहिल्यापासून.

ते नागरिकत्वाच्या देशाचे, किंवा जिथे तुम्ही दीर्घकाळ राहत आहात त्या देशाचे लागते. तिसऱ्याच देशात काही वर्षे शिकवत असाल, तर कोणत्या देशाचे हवे, हे शाळेकडून लेखी घ्या. दुसऱ्या देशातून प्रमाणपत्र मागवायला बोटांचे ठसे, टपाल आणि तिथले अपोस्टिल यांत आठवडे जातात.

पदवीवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव थोडे वेगळे आहे. चालेल का?

‘थोडे’ असे काही तिथे नसते. ऑनलाइन अर्जातले नाव पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळींप्रमाणे जाते आणि बाकीचे कागद त्याच्याशी ताडले जातात. मधले नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, लग्नानंतर आडनाव बदलले आहे, किंवा नावांचा क्रम उलटा आहे, अशा प्रत्येक फरकासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीकृत प्रतिज्ञापत्र किंवा विवाह प्रमाणपत्र लागते. त्यालाही पदवीसारखेच प्रमाणीकरण आणि चिनी भाषांतर जोडावे लागते. हे काम पदवीच्या अपोस्टिलबरोबरच उरका.

१ सप्टेंबरला सत्र सुरू होते. कागदांना कधी लागावे?

उलटे मोजत या. वर्क परमिटच्या सूचनापत्राच्या (व्हिसाच्या अर्जाला लागणाऱ्या मंजुरीपत्राच्या) ऑनलाइन पूर्वतपासणीला पाच कामाचे दिवस आणि नंतरच्या छाननीला दहा कामाचे दिवस धरलेले आहेत. म्हणजे काहीही न अडता तीन आठवडे. एक दुरुस्ती आली की पाच-सहा. पुढे झेड व्हिसा, म्हणजे कामासाठीचा व्हिसा.

२० ऑगस्टपर्यंत पोहोचायचे असेल, तर व्हिसाचा अर्ज जुलैअखेर हवा, सूचनापत्र जुलैच्या मध्यापर्यंत आणि शाळेचा अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी मे महिन्यात अपोस्टिल, एप्रिलमध्ये पोलीस सर्टिफिकेट. पदवीला मुदत नाही, तिचे प्रमाणीकरण फेब्रुवारीतच करून ठेवा.

करारात शाळेचे नाव, कामाचे ठिकाण, पद, कामाचे स्वरूप, पगार आणि मुदत या गोष्टी ठळक हव्यात. त्यावर दोघांच्या सह्या आणि संस्थेचा शिक्का हवा. खाडाखोड चालत नाही. सगळ्या परदेशी कागदांना चिनी भाषांतर लागते, आणि ते बहुधा संस्थाच शिक्का मारून देते. व्हिसाच्या फोटोचे माप ३३ × ४८ मिलिमीटर. नेहमीचे पासपोर्टचे फोटो नेऊ नका.

“आधी बिझनेस किंवा टुरिस्ट व्हिसावर या, इथे बदलून देऊ,” असे एजंट म्हणतो. जावे का?

नाही. गरज कितीही असली तरी नाही.

परमिटशिवाय काम करणे हे परदेशी नागरिकांच्या येण्या-राहण्याच्या कायद्याच्या ४३ व्या कलमाने बेकायदा ठरते. ८० व्या कलमाप्रमाणे शिक्षकाला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो. प्रकरण गंभीर मानले तर सोबत ५ ते १५ दिवसांची कोठडी. संस्थेला प्रत्येक व्यक्तीमागे १०,००० युआन, कमाल एक लाख. ज्यांना देशाबाहेर पाठवले जाते, त्यांना एक ते पाच वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. या हिशेबात एजंट कुठेही नाही. पकडला जातो तो शिक्षक, बहुतेकदा वर्गातून.

वेळ कमी आहे, असे शाळा म्हणत असेल तर महिनाभर उशिरा रुजू होण्याचे लेखी मागा. जी शाळा ते देत नाही, ती पुढे परवान्यासाठी धावेल अशी आशा ठेवू नये.

झेड व्हिसावर मुक्कामाच्या रकान्यात ‘०००’ छापले आहे. चूक आहे का?

चूक नाही. हा व्हिसा एकदाच आत येण्यापुरता असतो, पुढचे राहणे निवास परवान्यावर. उतरल्यापासून घड्याळ चालू होते.

२४ तासांत राहत्या जागेची पोलिसांकडे नोंद. हॉटेलात असाल तर हॉटेल करते. घरात असाल तर तुम्ही किंवा घरमालकाने पोलीस ठाण्यात जाऊन करायची. शांघायसारख्या काही शहरांत ती ऑनलाइन होते. त्या नोंदीचा कागद पुढे निवास परवान्याला लागतो. ‘सोमवारी करू’ म्हणून राहिलेली नोंद हे पहिल्याच महिन्यातल्या दंडाचे नेहमीचे कारण आहे.

१५ दिवसांत शाळेने वर्क परमिटचा पुढचा अर्ज करायचा. ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज व्हायलाच हवा. मध्ये वैद्यकीय तपासणी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त मुदतीच्या परवान्याला आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि ते सहा महिनेच चालते. मायदेशातून तपासणी करून गेलात तरी तिथे पुन्हा करावी लागण्याची शक्यता धरून चाला. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी. सकाळी उपाशीपोटी जा, पासपोर्ट आणि फोटो सोबत ठेवा. उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात हे करा. अहवालाला चार-पाच दिवस लागतात, आणि त्या तीस दिवसांत सुट्ट्याही मोजल्या जातात.

खिडकीवर दर वेळी नवा कागद मागतात. काही करता येते का?

येते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. चीनच्या प्रशासकीय परवाना कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार अर्ज अपुरा असेल, तर काय काय कमी आहे ते सगळे एकाच वेळी सांगणे कार्यालयावर बंधनकारक आहे. तिथल्या तिथे, नाहीतर पाच दिवसांत. तसे सांगितले नाही, तर अर्ज दिल्याच्या दिवसापासून तो स्वीकारला असे मानले जाते. अर्ज नाकारला तर ३८ व्या कलमाप्रमाणे कारणे लेखी द्यावी लागतात आणि दाद कुठे मागायची तेही सांगावे लागते.

भांडायला जाऊ नका, पण शाळेच्या परदेशी शिक्षक विभागाला स्पष्ट सांगा की, काय कमी आहे ती यादी लेखी किंवा ऑनलाइन यंत्रणेतल्या शेऱ्यात येऊ द्या. शेऱ्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. अनुभव असा आहे की, “कार्यालयाने मागितले” असे शाळा सांगते, तेव्हा निम्म्या वेळा शाळेनेच अर्ध्या कागदांवर अर्ज टाकलेला असतो. शेरा पाहिला की कळते.

निवास परवाना आणि व्हिसाच्या शंकांसाठी राष्ट्रीय इमिग्रेशन प्रशासनाची १२३६७ ही हेल्पलाइन आहे. ती चोवीस तास चालते आणि इंग्रजीतही बोलतात. बाकी स्थानिक कार्यालयांच्या तक्रारींसाठी १२३४५.

निवास परवान्यासाठी पासपोर्ट जमा केला. तोवर काय?

कायद्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तोवर मिळालेली पावती हाच तुमच्या कायदेशीर वास्तव्याचा पुरावा, ती कायम जवळ ठेवा. या काळात देशाबाहेर जाता येत नाही, म्हणून घरी कोणी आजारी असेल किंवा तिकीट काढलेले असेल तर जमा करण्याआधी सांगा. एक वर्षाच्या आतल्या परवान्याचे शुल्क ४०० युआन, एक ते तीन वर्षांचे ८०० आणि तीन ते पाच वर्षांचे १,०००. कामासाठीचा निवास परवाना ९० दिवसांपेक्षा कमी आणि पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा देत नाहीत.

शाळेने दुसऱ्या शाळेत तास घ्यायला पाठवले. जाऊ का?

परमिटवर ज्या संस्थेचे नाव आहे तिच्या बाहेरचे काम हेही ४३ व्या कलमात बेकायदा कामच आहे. “आम्हीच पाठवले” हे उत्तर तुम्हाला वाचवत नाही. दुसऱ्या ठिकाणाची परवानगी शाळेने काढली असेल तर तिची प्रत पाहा. शनिवार-रविवारच्या खासगी शिकवण्यांनाही हेच लागू. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या शिकवणी वर्गांवर कडक बंधने आणल्यापासून अशा वर्गांवर नजर जास्त असते. परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांना अशा शिकवणीसाठी नेमण्यावरही तेव्हापासून बंदी आहे.

नोकरी बदलायची आहे, पण शाळा रिलीज लेटर देत नाही.

शिक्षकांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट ही. नव्या शाळेला परमिट काढायला दोन कागद लागतात: जुन्या शाळेचे कार्यमुक्ती पत्र आणि जुने परमिट रद्द झाल्याचा दाखला. दोन्ही जुन्या शाळेच्या हातात. ती गप्प बसली की तुमचा निवास परवाना संपेपर्यंत दिवस जात राहतात.

करार संपल्यावर परमिट रद्द करण्याचा अर्ज संस्थेने दहा कामाच्या दिवसांत करायचा असतो. कार्यमुक्तीचा दाखला देणे कामगार करार कायद्याच्या ५० व्या कलमाने मालकावर बंधनकारक आहे. म्हणून राजीनामा तोंडी किंवा चॅटवर देऊन थांबू नका. करारात सांगितलेल्या मुदतीप्रमाणे लेखी द्या, चिनी भाषांतर जोडा, कुरिअरने पाठवा आणि पोचपावती ठेवा. दाखल्याची मागणीही त्याच पत्रात, तारखेसह. तरीही नाही मिळाला, तर स्थानिक कामगार लवाद. तिथे जायची मुदत एक वर्षाची असते, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नसतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच अर्ज करा. नुसता अर्ज दाखल झाल्याची प्रत पाहूनही बऱ्याच शाळा पत्र देतात.

परमिट रद्द झाले आणि नवे झालेले नाही, अशा मधल्या काळात थोड्या दिवसांचे मुक्काम प्रमाणपत्र मिळू शकते. ते आपोआप मिळत नाही, मागावे लागते. विनापरवाना राहिलात आणि प्रकरण गंभीर ठरले, तर दिवसाला ५०० युआन, कमाल १०,००० पर्यंत दंड आहे.

नूतनीकरण कधी?

वर्क परमिटसाठी मुदत संपण्याच्या ९० ते ३० दिवस आधी अर्ज करायचा. निवास परवान्याचा अर्ज त्यानंतर, पण त्याची मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी. क्रम उलटा होत नाही. शाळा जुलैत सुट्टीवर जाते आणि शिक्का असलेल्या कपाटाची किल्ली एका माणसाकडे असते. परवाना ऑगस्टमध्ये संपत असेल, तर मे महिन्यातच कागद शाळेच्या हातात द्या.

पासपोर्ट नवा काढला. परवाना जुन्या पासपोर्टवर आहे.

नोंदीतला कोणताही तपशील बदलला की दहा दिवसांत निवास परवान्यात तसा बदल करून घ्यायचा. शुल्क २०० युआन. वर्क परमिटमध्येही शाळेकडून नवा क्रमांक चढवून घ्या. तो आधी, परवाना नंतर. काम होईपर्यंत दोन्ही पासपोर्ट जवळ हवेत, म्हणून दूतावासाला जुना पासपोर्ट रद्द करताना व्हिसाची पाने न कापता परत द्यायला सांगा.

पत्नी, पती आणि मुलांचे काय?

१८० दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल तर एस-१, कमी असेल तर एस-२ व्हिसा. विवाह आणि जन्म प्रमाणपत्रांनाही तुमच्या पदवीसारखेच अपोस्टिल किंवा दूतावासाचे प्रमाणीकरण लागते, आणि हे लोकांना शेवटच्या आठवड्यात आठवते. या व्हिसावर जोडीदाराला काम करता येत नाही. तुम्हा दोघांनाही शिकवायचे असेल, तर दोन स्वतंत्र परमिटचे अर्ज पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालवा.